ते औषध कोण प्यालं?

‘काही खाल्लंत का?’ हा प्रश्न मी आयुष्यात जितक्या वेळा विचारला, तितक्या वेळा वऱ्हाडातल्या कुठल्या सासूनेही जावयाला विचारला नसेल. सासू प्रेमाने विचारते, मी दात-ओठ खात विचारायची. उत्तर मात्र ठरलेलं आणि चेहरा अगदी निरागस: ‘नाई ना मॅडम. काईच नाई.’

मग मी म्हणायची, तोंड उघडा. तोंड उघडलं की गालात खर्रा. ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगते, सुपारी, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या पन्नीत घोटून जे तयार होतं त्याला आमच्याकडे खर्रा म्हणतात, आणि तो कुठल्याही नियमाच्या बाहेर असतो.

‘हे काय आहे?’

‘हे? खर्रा व्हय.’

‘काही खायचं नाही म्हणून सांगितलं होतं ना?’

‘मंग कुठी खाल्लं? खर्रा काय जेवन असते काय?’

चहाचंही तेच. चहा ‘घेतला’ असतो, प्यालेला नसतो. देवाचा प्रसाद तर मोजायचाच नसतो. एका बाईंनी मला टेबलावर आडवं झाल्यावर सांगितलं, की रस्त्यात बहिणीचं घर लागलं, तिने पोहे केले होते, आणि ‘तिचं मन मोडलं नाई’. बहिणीचं मन मोडलं नाही, माझी सकाळ मात्र मोडली. असं रोज. कान किटले, जीभ झिजली, पण आमची माणसं काही बदलली नाहीत.

मी पोटाची डॉक्टर. आधी अकोल्यात आणि नंतर अमरावतीत मिळून उभा जन्म याच कामात गेला. ‘दुर्बीणवाली मॅडम’ ही माझी ओळख. आता दवाखाना सोडलाय, तरी लग्नात कुणी ना कुणी मला पंगतीतून बाजूला घेऊन शर्ट वर करतोच.

दुर्बीण म्हटलं की लोकांना गळ्यात अडकवायची ती दोन डोळ्यांची दुर्बीण आठवते, आणि हे एवढं धूड घशातून जाणार कसं म्हणून घाम फुटतो. तसं काही नसतं. करंगळीएवढी जाड, काळी, वाकणारी नळी असते. टोकाला दिवा आणि कॅमेरा. माझ्या हातातल्या मुठीवर दोन चाकं असतात, ती फिरवली की आतलं टोक वर-खाली, डावीकडे-उजवीकडे वळतं आणि समोरच्या पडद्यावर पोटाचं घर दिसतं. नळीच्या आत आणखी एक बारीक बोगदा असतो. त्यातून चिमटा घालून तुकडा काढता येतो, सुई टोचून रक्तस्राव थांबवता येतो, तारेचा फास टाकून गाठ कापता येते. पोटावर एक ओरखडाही न काढता. तोंडातून गेलं की अन्ननलिका, जठर आणि त्याच्या पुढचा थोडा भाग. खालून गेलं की मोठं आतडं. खालची नळी जराशी जाड असते. एवढंच आहे हे शास्त्र. बाकी सगळा सराव आणि धीर.

पण एक अट आहे. घर रिकामं हवं. वरून जाताना पोटात अन्न असेल तर ते उलटून श्वासनळीत जाऊ शकतं आणि माणूस तिथल्या तिथे दगावू शकतो. खालून जाताना आतडं साफ नसेल तर काहीही दिसत नाही, डॉक्टर कितीही हुशार असू दे. ही साधी गोष्ट सांगता सांगता माझे केस पांढरे झाले.

आणि लोकांचे उपाय! सेमाडोहकडे पर्यटकांना जंगल दाखवणारा एक जिप्सीचालक माझ्याकडे आला होता. मटणातलं हाड अन्ननलिकेत अडकलेलं, थुंकी गिळता येत नव्हती. आता अशा वेळी करायचं काय? काहीही न करता दवाखान्यात यायचं. पण मित्र कशाला असतात? एकाने सांगितलं, केळं खा, हाड खाली सरकते. घाटातून उतरताना दर वळणावर त्याला केळं भरवत आणलं. हाड जिथल्या तिथे, आणि त्याच्यावर केळ्यांचा गिलावा. मी चिमट्याने घास घास करून केळी उपसत बसले, तेव्हा कुठे तळाशी ते हाड दिसलं. बाहेर काढल्यावर त्याचा मित्र काय म्हणाला असेल? ‘मॅडम, अजून दोन केये पाह्यजे होते. खालीच गेलं असतं.’

सण आला की माझा दवाखाना भरलाच म्हणून समजा. अक्षय तृतीयेचा आमरस, आमच्याकडची बुद्ध पौर्णिमेची खीर, मोहल्ल्यातली ईदची बिर्याणी. पोटाला जात-धर्म नसतो, ते सगळीकडे सारखंच बिघडतं. यावर मी हसायची, चिडायची आणि कामाला लागायची.

ज्याच्यावर मला हसता आलं नाही ते म्हणजे मूळव्याध.

आपल्याकडे संडासच्या वाटेने रक्त गेलं की त्याचं नाव मूळव्याध. कुणी तपासत नाही, कुणी दाखवत नाही. भिंतीवर रंगवलेल्या जाहिराती वाचतात, कुणाकडून तरी पुड्या आणतात, आणि रक्त थांबलं की देवाचे आभार मानतात. मूळव्याध असतेच बहुतेकांना, नाही कोण म्हणतंय? पण आतड्यात गाठ असली तरी रक्तच जातं, आणि त्या रक्तावर काही नाव लिहिलेलं नसतं. अकोल्यात माझ्याकडे एक निवृत्त शिक्षक आले होते. शिकलेले, रोज दोन वर्तमानपत्रं वाचणारे. बरीच वर्षं पुड्या खात होते. मी नळी घातली तर ती पुढे जाईना, गाठीने सगळी वाट बुजली होती. त्यांनी पडद्याकडे बघत विचारलं, ‘हे आधी दिसलं असतं का?’ मी म्हटलं, ‘हो.’ खोटं कसं बोलणार? ते चष्मा पुसत राहिले. तेव्हापासून ‘मूळव्याध आहे’ असं कुणी स्वतःच ठरवून आलं की माझा आवाज चढतो.

म्हणून प्रल्हादरावांना त्यांची बायको ओढत घेऊन आली तेव्हा मला फार बरं वाटलं होतं.

प्रल्हादराव चांदूर बाजारजवळचे. झेंडू आणि शेवंती पिकवणारा शांत माणूस. संडासला रक्त जायचं. त्यांच्या वडिलांनाही असंच रक्त जात होतं, ते खाटेवर पडले आणि गेले, कशाने गेले ते घरात कुणालाच कळलं नाही. त्यांची बायको शोभाताई हे सगळं एका दमात सांगून म्हणाली, ‘मॅडम, ह्यायचं तेवढं पाहून घ्या. सासऱ्यावानी नाई झालं पाह्यजे.’ प्रल्हादराव म्हणाले, ‘काई नाई हो, मूयव्याध हाय. शोभीले उगाच भेव वाटते.’ मी त्यांच्याकडे असं पाहिलं की ते गप्प बसले.

आता मोठ्या आतड्याच्या तपासणीआधी एक पावडर देतात. ती जारभर पाण्यात कालवायची आणि आदल्या संध्याकाळपासून ठरल्याप्रमाणे संपवायची. चव लिंबाची, पण खारट. चांगली नाही, मीही पिऊन पाहिली आहे. ती पोटात मुरत नाही, सरळ आतडं धुऊन बाहेर पडते. माणूस रात्रभर संडासात ये-जा करतो आणि सकाळी आतडं घासलेल्या पातेल्यासारखं लख्ख. त्या काळात जेवायचं नाही. पाणी चालतं, बस.

माझ्या सुनंदा सिस्टरने शोभाताईला हे समजावलं, मग मी समजावलं, मग शोभाताईकडून म्हणवून घेतलं. तिने पाढा म्हणावा तसं बिनचूक म्हणून दाखवलं. गावाहून सकाळी येणं अवघड, वाटेत संडास कुठे शोधणार? म्हणून आदल्या दिवशी अमरावतीतच तिच्या माहेरी मुक्काम करायचं ठरलं. तिथे तिचा धाकटा भाऊ गजानन आणि आई राहायची. गजाननचं बाजारात भाजीचं दुकान. मी म्हटलं, उत्तम.

इथेच माशी शिंकली. कारण तो अधिक महिना होता.

अधिक महिन्याला आमच्याकडे धोंड्याचा महिना म्हणतात. या महिन्यात जावयाला घरी बोलावून पुरण भरलेले धोंडे खाऊ घालायचे, अनारसे द्यायचे, कपडे करायचे. एरवी वर्षभर जावई दिसला नाही तरी चालेल, पण या महिन्यात तो सासूच्या दारातून उपाशी गेला तर बघायलाच नको. आणि मी काय केलं होतं? नेमकं याच महिन्यात एक जावई सासुरवाडीला पाठवून त्याला जेवण बंद केलं होतं.

दुसऱ्या दिवशी प्रल्हादराव टेबलावर कुशीवर झोपले. गुंगीचं इंजेक्शन दिलं. मी नळी आत घातली आणि पडद्यावर सगळं तपकिरी. पाण्याचा फवारा मारला, ओढून घेतलं, पुन्हा तेच. थोडं पुढे सरकावं तर एक कोथिंबिरीचं पान येऊन कॅमेऱ्याला चिकटलं. अख्खं पान! मी सुनंदाकडे पाहिलं, तिने माझ्याकडे. मी नळी बाहेर काढली, हातमोजे काढून आपटले आणि व्हरांड्यात आले.

बाकावर शोभाताई आणि तिची आई चंद्रभागाबाई. आईच्या मांडीवर कापडात बांधलेला डबा.

‘काल रात्री काय जेवले हे?’

शोभाताई म्हणाली, ‘काईच नाई मॅडम! जारभर औषध पेले. माह्या डोयासमोर जार खाली झाला.’

‘मग आत कोथिंबीर कुठून आली? मी घेऊन गेले का?’

शोभाताईने आईकडे पाहिलं. आईने डब्याची गाठ घट्ट केली आणि मान वर करून म्हणाली, ‘मी सांगतो तुमाले. धोंड्याचा महिना हाय. जावई घरी आला अन उपाशी निजला, तं लोक माह्या तोंडात शेन नाई घालनार? शोभी आंघोयीले गेली, तवा वाढलं म्या त्यायले. धोंडे देल्ले, वांग्याची भाजी देल्ली.’

‘किती धोंडे?’

‘जावयाचे धोंडे मोजते काय कोनी?’

कपाळावर हात मारायचा तेवढा बाकी होता. मी म्हटलं, ‘आजी, तुमच्या जावयाच्या पोटात काय आहे ते बघायला मी बसले होते, आणि मला तुमचे धोंडे दिसले! आता पुन्हा पावडर, पुन्हा नळी, सगळं पुन्हा!’

‘मंग पुन्हा करा ना बाई. धोंडे काय पुन्हा येतात? महिना सरून राह्यला.’

पण एक हिशेब लागत नव्हता. एवढं जेवण झालं तरी जारभर औषध पोटात गेलं असतं तर आतडं बरंच धुतलं गेलं असतं. हे तर जसंच्या तसं होतं. मी शोभाताईला विचारलं, ‘जार रिकामा झाला म्हणतेस. पण पिताना पाहिलंस का?’

‘पाह्यलं ना. पयला गिलास तोंडाले लावलेला पाह्यला. मंग मी आंघोयीहून आली तं जार खाली.’

‘ते औषध कोण प्यालं?’

सुनंदा सिस्टर मागे उभी होती. ती माझ्या कानाशी लागून म्हणाली, ‘मॅडम, यांचा भाऊ सकाळपासून पेशंटच्या संडासातून बाहेरच यायला तयार नाही. दोनदा दार वाजवलं मी.’

तेवढ्यात दाराची कडी वाजली आणि गजानन बाहेर आला. धिप्पाड माणूस, पण तोंड पांढरंफटक. दुपट्ट्याने चेहरा पुसत भिंतीला टेकला. सगळ्यांच्या नजरा आपल्यावर आहेत हे बघून म्हणाला, ‘काय झालं?’

‘तू प्यालास?’

त्याने खाली पाहिलं. ‘भाऊजीनं अर्धा गिलास पेला अन तोंड फिरवलं. बाईनं पाह्यलं असतं तं वरडली असती. टाकून कुठी द्याचं? मी पेलो.’ बाई म्हणजे त्याची मोठी बहीण, शोभाताई.

मी एवढी तडकले होते की बोलून गेले, ‘वा! पेशंटच्या पोटात चिखल आणि साळा आतून चकाचक! आता काय, तुझ्याच पोटात दुर्बीण टाकू?’

शोभाताई हसली. सुनंदा हसली. आजीसुद्धा पदराआड हसली. आत गुंगीतल्या प्रल्हादरावांनी घोरायला सुरुवात केली होती. गजानन तेवढा हसला नाही.

मी खोलीत जाऊन पाणी पीत होते तर तो मागून आला. दार लोटून घेतलं. बस म्हटलं तर बसला नाही. दुपट्ट्याचं टोक पिळत उभा राहिला.

‘मॅडम, तुमी म्हटलं ते… खरंच टाकता काय?’

‘काय?’

‘दुर्बीन. माह्या पोटात.’

मला वाटलं, हा चेष्टा करतोय. वर पाहिलं तर त्याचे डोळे भरलेले.

‘मले बी रक्त जाते मॅडम. पोयाच्या सनापासून जाऊन राह्यलं. आता लय जाते.’

‘कुणाला सांगितलं?’

‘कोनाले सांगू? मायले सांगू, का बाईले? बाईमानसापाशी काढाची गोष्ट हाय काय हे? अन डॉक्टर पाह्यला तं तुमी बी बाईच.’ तो एकदम ओशाळला. ‘रागावू नका.’

‘नाही रागावत. पुढे?’

‘भाऊजीचं औषध आलं. बाई म्हने, यानं आतली सारी घान निंगून जाते. म्या म्हटलं, आपलं बी तेच दुखनं हाय, आपली बी घान निंगून जाईन. भाऊजीले म्हटलं, द्या इकडे. साराच पेलो.’ मग त्याने मला विचारलं, ‘आता बरा होईन ना मी?’

देवाशप्पथ, इतका वेळ चढलेला माझा सगळा राग कुठल्या कुठे गेला. भांडं घासायची राख औषध म्हणून खावी तसं केलं होतं त्याने, तेही चोरून, आणि वर रात्रभर एकट्याने सोसलं होतं. मी त्याला हाताला धरून खुर्चीवर बसवलं. ते औषध नव्हतं, नुसती आतडं धुवायची पावडर होती, हे समजावून सांगितलं. त्याने मान हलवली, पण चेहरा पडला. बिचाऱ्याला वाटलं होतं, आपलं काम झालं.

मग मी भानावर आले. म्हटलं, ‘पण तू मूर्खपणात एक गोष्ट चांगली केलीस. काल काही खाल्लंस का?’

‘पोटात गोया उठून राह्यल्ता. कोन खाते मॅडम?’

त्या प्रश्नाचं खरं उत्तर मला इतक्या वर्षांत पहिल्यांदा मिळत होतं. रक्तदाब पाहिला, रक्त तपासलं, पाणी कमी झालं होतं म्हणून सलाईन लावलं. शोभाताईला आत बोलावून सांगितलं, कारण घरचं कुणीतरी जाणतं हवं. ती म्हणाली, ‘आमच्या गजूले? त्याले काय हुईन? तो तं गाडाभर कांदे एकला उतरवते.’ आणि मग तिला माझ्या चेहऱ्यावरून काहीतरी समजलं, तशी ती भिंतीला धरून खाली बसली. ‘मायले नका सांगू,’ गजानन म्हणाला. म्हातारी बाहेर डबा धरून जावई शुद्धीवर यायची वाट बघत होती.

दुपारी गजाननला टेबलावर घेतलं. खरं सांगते, इतकं स्वच्छ आतडं मी क्वचित पाहिलं. नुसतं लख्ख गुलाबी, बारीकातली बारीक रक्तवाहिनी दिसत होती. मी नळी आत सरकवत होते आणि मनात म्हणत होते, काही नसू दे, मूळव्याध असू दे. डाव्या बाजूच्या वळणावर आले आणि समोर ती गाठ. जाड देठावर उभी, लिंबाएवढी, लालभडक, वरून रक्त पाझरतंय.

आधी नळी शेवटपर्यंत नेऊन बाकीचं आतडं पाहून घेतलं, दुसरीकडे काही नव्हतं. मग परत त्या वळणावर आले. अशी गाठ देठावर असेल तर तिथल्या तिथे कापता येते. तारेचा फास गाठीवरून खाली सरकवायचा, देठाशी आवळायचा आणि वीज सोडायची, म्हणजे कापतानाच रक्तवाहिनी भाजून बंद होते. ऐकायला सोपं आहे. पण आतडं हलत असतं, पेशंट श्वास घेत असतो, आणि फास जरा खाली गेला तर आतड्याला भोक पडतं. दोनदा फास निसटला. मी दोन्ही वेळा मनातल्या मनात त्या गाठीला आईवरून शिवी दिली. डॉक्टरांनी असं लिहू नये, पण दिली. तिसऱ्यांदा बसला. सुनंदाने आवळला, मी पायाखालचं बटण दाबून वीज सोडली, गाठ सुटून पडली. देठातून रक्ताची पिचकारी उडाली, पडदा लाल झाला. पाणी मारलं, देठ शोधला, त्यावर चिमटा बसवला. थांबलं. मी खांदे खाली सोडले तेव्हा कळलं, ते इतका वेळ वर उचललेले होते.

गाठ तपासायला पाठवली. रिपोर्ट यायला लागणारे दिवस डॉक्टरलाही सोपे नसतात. रिपोर्ट आला: कॅन्सरची सुरुवात झाली होती, पण गाठीच्या डोक्यातच होती, देठापर्यंत उतरली नव्हती. म्हणजे जे कापलं त्यातच ती संपली. ऑपरेशन नको, काही नको. फक्त ठरल्याप्रमाणे पुन्हा पुन्हा तपासणी. आणखी एखादा पोळा त्याने तसाच काढला असता तर मी काय लिहिलं असतं ते मला लिहायचं नाही.

आणि प्रल्हादराव? त्यांना मी नंतर माझ्याच दवाखान्यात ठेवून घेतलं. सुनंदा खुर्ची टाकून जारसमोर बसली आणि शेवटचा घोट गिळल्याशिवाय उठली नाही. फाटकावर सांगून ठेवलं होतं, डबेवाली म्हातारी दिसली तर आत सोडू नका. तपासणीत निघाली काय? मूळव्याध. शुद्ध, साधी मूळव्याध. शुद्धीवर आल्या आल्या म्हणाले, ‘म्हटलं होतं ना म्या.’ त्यांच्या कानाखाली वाजवावीशी वाटली, पण पेशंटला मारता येत नाही.

आता तुम्हाला वाटेल, या प्रकरणातून लोक काही शिकले असतील. शिकले ना! चांदूर बाजारपर्यंत गोष्ट पोहोचली ती अशी, की मॅडमची पावडर दुसऱ्याने प्याली तर लपलेला रोग सापडतो. त्यानंतर वर्षभर माझा जीव नकोसा झाला. दोघे भाऊ आले, म्हणे, ‘एका पाकिटात दोघाचं भागते काय?’ एका बाईने नवऱ्याला देऊन उरलेलं शेजारणीकडे वाटीने पाठवलं, विरजण पाठवावं तसं. मी घसा कोरडा करून सांगायची, बाबांनो, ज्याची तपासणी त्यानेच प्यायचं! आणि ते हसून म्हणायचे, ‘पन गजाभाऊचं तं झालं ना?’

चंद्रभागाबाईला गजाननची गोष्ट शेवटी समजली. अशा गोष्टी घरात किती दिवस लपणार? एक दिवस ती माझ्याकडे आली. डबा होताच. टेबलावर ठेवला आणि समोर बसली.

‘तुमी मले लय वरडल्या त्या दिवशी,’ ती म्हणाली. ‘साऱ्या लोकायसमोर. आता सांगा, म्या जावयाले जेवू घातलं नसतं, तं त्यायनं औषध पेलं असतं. त्यायनं पेलं असतं, तं गजूनं पेलं नसतं. मंग माहा पोरगा वाचला असता काय?’

इतक्या वर्षांत मला असं निरुत्तर कुणी केलं नव्हतं, आणि तेही चूक असताना! आता हिला कसं पटवायचं, की हा निव्वळ योगायोग होता, पुन्हा असं करायचं नसतं? मी शब्द जुळवत होते, तर तिचा चेहरा हळूहळू बदलला. जिंकल्याचं सगळं ओसरून गेलं.

‘एक गोष्ट सांगा मॅडम. जावयाले रक्त जाते हे मले मालूम होतं. शोभीले मालूम होतं. साऱ्या गावाले मालूम होतं. मी त्यायच्यासाठी देव पान्यात ठेवले. माहा पोरगा रोज माह्या हातची भाकर खाते. एका घरात राह्यते. त्याचं मले काहून नाई मालूम पडलं? म्या त्याले कधी पुसलंच नाई मॅडम. जावयाले पुसलं, जेवला काय, दुखते काय. त्याले नाई पुसलं.’

ती रडली नाही. नुसती माझ्याकडे बघत राहिली, मला उत्तर ठाऊक असेल अशा आशेने. लोक कानाकोपऱ्यात लपवून ठेवतात त्या जागा मी आयुष्यभर दुर्बिणीने पाहिल्या, पण हे काही त्या नळीतून दिसण्यातलं नव्हतं.

मी तिचा हात हातात घेऊन बसले. बाहेर पेशंटची रांग खोळंबली होती, सुनंदा दोनदा डोकावून गेली. शेवटी म्हातारीनेच हात सोडवला, डोळ्यांना पदर लावला आणि डबा माझ्याकडे सरकवला.

‘सकायपासून काई खाल्लं काय तुमी?’

‘नाही,’ मी म्हटलं. ते खरं होतं.

त्यानंतर मी दवाखाना सोडेपर्यंत गजानन तपासणीला आला की ती बरोबर यायची. व्हरांड्यातला तिचा आवाज मला आत ऐकू यायचा. प्रश्न एकच, पण आता तो पोराला असायचा, आणि सगळ्यांसमोर मोठ्याने विचारलेला: ‘गजू, रक्त तं नाई ना जाऊन राह्यलं?’ सगळा व्हरांडा वळून बघायचा. गजानन लाजून चूर व्हायचा आणि म्हणायचा, ‘नाई वो माय.’